बावीस ग्रॅमची तूट

१

काट्यावर आकडा उमटला सहाशे अठरा. काटेवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा चढवला. आकडा काही लाजून बदलला नाही.

सकाळच्या चिठ्ठीवर सहाशे चाळीस लिहिलेलं होतं.

"बावीस ग्रॅम कमी," काटेवाले म्हणाले, आणि वाचनदालनातल्या सगळ्या माना एकदम पाहुणीकडं वळल्या.

तिला पाहुणी म्हणत. दोन वर्षं झाली होती तिला या शहरात येऊन, पण या जुन्या विद्यापीठात तीन पिढ्या शिकल्याशिवाय माणूस घरचं होत नाही. तिच्या घरात तर दहावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच. आई गोदामात पोती शिवायची, दाभणानं बोटं भोकसून घ्यायची, आणि लेक इथं चारशे वर्षांपूर्वीच्या वह्या वाचायची.

या ग्रंथालयाचा एक रिवाज होता. जुनी हस्तलिखितं वाचायला देताना तोलायची आणि परत घेताना पुन्हा तोलायची. देतानाचं वजन आणि घेतानाचं वजन एकाच चिठ्ठीवर. पंधरा ग्रॅमपर्यंत मागंपुढं चालायचं. त्याहून कमी भरलं तर वाचकानं पान लांबवलं, असा सरळ हिशेब. माणसावर विश्वास नाही, काट्यावर आहे. मोठमोठ्या संस्था अशाच चालतात.

तिनं वाचायला घेतलेली होती एका जुन्या मोजणीदाराची वाटवही. तो शहरभर पायी हिंडून पावलं मोजायचा आणि लिहून ठेवायचा. कुठल्या वेशीपासून कुठल्या विहिरीपर्यंत किती पावलं, वाटेत कुणाची घरं. या वहीच्या आधारावर शहरात 'वारसावाट' आखली जात होती. फरसबंदीत पितळी बाण बसवायचे आणि पर्यटकांना बाणांमागून फिरवायचं. येत्या शनिवारी उद्घाटन. योजनेचे प्रमुख म्हणजे तिचे मार्गदर्शक सर, आणि ते त्या क्षणी तिच्या शेजारीच उभे होते, कारण तिनं दिवसभर उतरवून घेतलेली टिपणं न्यायला त्यांना दम निघत नव्हता.

वही उघडली गेली. जुनी यादी आणली गेली. यादीत लिहिलं होतं: 'मूळ वाटेचा नकाशा, सहा पानं.' वहीत नकाशा नव्हता. कापल्याची खूण नाही, फाटल्याची नाही. मधली शिवण उसवून पानं काढली होती आणि शिवण पुन्हा घातली होती.

सर तिच्याकडं पाहून हळू आवाजात म्हणाले, "पानं कुठं आहेत?"

ती म्हणाली, वही दिली तेव्हाच ती अशी होती. पानांवर आकडे नाहीत, मग मधलं काही गेलंय हे तिला कळणार कसं. सर ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. त्यांनी तिचं ओळखपत्र काटेवाल्यांच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.

२

ओळखपत्र गेलं म्हणजे काय गेलं, ते तिला फाटकाशी पोचल्यावर कळलं.

या विद्यापीठाला चारी बाजूंनी दगडी भिंत आहे आणि बाहेर पडायला एकच फिरतं फाटक. ओळखपत्र लावलं की लोखंडी दांडा फिरतो. नाही लावलं तर पोटाला लागतो. पहारेकऱ्याला वरून फोन आला होता. तो ओशाळून म्हणाला, शुक्रवारी अकराला समितीची बैठक आहे, तोवर तुम्हाला आत ठेवायचं आहे.

मंगळवारची संध्याकाळ. शुक्रवारचे अकरा. मधे अडीच दिवस, एक अंगण, एक जेवणघर, आणि विद्यार्थिनींच्या इमारतीतली नऊ फूट बाय सात फुटांची खोली. दहा दिवस पाऊस रिपरिपत होता. खोलीतली चादर दमट, भिंत दमट, काडेपेटीतली काडी पेटेना. समितीनं दोषी ठरवलं तर नाव पटावरून कमी. मग पदवी नाही, दुसरं कुठलं विद्यापीठ दार उघडणार नाही, आणि गावी जाऊन सांगायचं काय, तर मी चोर ठरले.

वारसावाटेचा पहिला पितळी बाण फाटकाच्या पलीकडं दोन पावलांवर होता. गेला महिनाभर संध्याकाळी तिनंच लोकांना त्या बाणावरून पुढं नेलं होतं, सरांच्या वतीनं, सरांच्या नावानं. आता दुसरीच कुणी मुलगी छत्री उंच धरून, तिनंच पाठ करून दिलेली वाक्यं म्हणत होती. पाहुणी गजांना धरून ऐकत राहिली. त्या मुलीनं एक साल चुकीचं सांगितलं. हिला दुरुस्तही करता येईना.

आईचा फोन आला. आवाज बसलाय का गं, आईनं विचारलं. पावसाचा, ती म्हणाली. आई म्हणाली, पावसानं घसा बसतो, जीव बसत नाही. काय असेल ते नंतर सांग, पण जेव.

जेवली नाही. बुधवारी सकाळी ग्रंथपालताई स्वतः चहाचा पेला घेऊन खोलीवर आल्या. सबंध ग्रंथालयात गोड बोलणाऱ्या त्या एकट्याच. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवणाऱ्या. म्हणाल्या, मी बोलते समितीशी, तू खचू नकोस. खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, आमच्या गच्चीवरून तुझी ही खिडकी दिसते बरं का, काल उशिरापर्यंत दिवा होता. टेबलावर तिची टिपणं पडली होती, मोजणीदाराच्या जुन्या धावत्या लिपीतल्या ओळींसकट. ताई हसल्या. तीस वर्षं मी ही बाडं सांभाळते, पण ही लिपी माझ्यासाठी मुंग्यांची रांगच. कुठून आली, कुठं चालली, देव जाणे.

ती लिपी वाचता येणारी माणसं शहरात मोजकीच होती. सरांनाही येत नव्हती. पण ते वाचून देणाऱ्यांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. सरांचं पुस्तक गाजलेलं होतं. त्यासाठी जुनी बाडं ज्यांनी वाचून दिली त्यांची नावं मात्र गाजली नव्हती.

जाता जाता ताई थांबल्या. समितीनं एक शेरा लिहिलाय, त्या म्हणाल्या. शिवण जाणकार हातानं उसवलेली आहे.

सगळ्यांच्या माहितीत विद्यापीठात जाणकार हात एकच होता. आणि तो माणूस भिंतीच्या आत राहत होता.

३

तळघराच्या तोंडाशी बांधणीची खोली होती. तिथं दाभणमावशी बसायच्या. चाळीस वर्षं पुस्तकं शिवून हाताची बोटं वाकडी झालेली, जीभ मात्र सरळ. शाळा चौथीपर्यंत. पण समोर ठेवलेल्या कागदाला नुसतं बोट लावून त्या सांगत, हा चिंध्यांचा की लाकडाचा, उन्हाळ्यातला की थंडीतला. प्राध्यापक त्यांना पुस्तक द्यायला यायचे ते दारातूनच, खळीचा वास अंगाला लागेल म्हणून.

पाहुणीनं दारातच विचारलं, "मावशी, पानं तुम्ही काढलीत?"

मावशींनी दोऱ्याला मेण लावणं थांबवलं नाही. "बस. उभ्यानं आरोप करू नये, पाय दुखतात."

ती बसली. मावशींनी विचारलं, वही तुझ्या हातात आली तेव्हा काटेवाल्यानं तोलली का? तिनं आठवायचा प्रयत्न केला. चिठ्ठीवर आकडा होता. पण काट्यावर वही ठेवलेली पाहिली होती का? नव्हती. काटेवाल्यांनी चिठ्ठी आतून लिहूनच आणली होती.

"आणि परत घेताना?"

परत घेताना तोलली. समोर. सरही होते.

मावशींनी दोरा खाली ठेवला. मग कोपऱ्यातलं एक पोतं ओढून तिच्या पायाशी आणलं. पोत्यात चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती होत्या, वर्षानुवर्षांच्या. ग्रंथालय त्या टाकून द्यायचं, आणि मावशी त्या पुस्तकांच्या पाठीला आतून चिकटवायला वापरायच्या.

"लिहिलेलं मी फारसं वाचत नाही. पण आकडे वाचते," मावशी म्हणाल्या. "या आठवड्याच्या चिठ्ठ्या काढ. आणि सांग मला, इथले वाचक चोर आहेत की दानशूर?"

४

दुपारी जेवणघरातून दोन ताटं आली. पाहुणीनं अख्खं ताट संपवलं ते कळलंही नाही, कारण चिठ्ठ्या वाचण्यात ती गुंगली होती.

सोमवारपासून बुधवारपर्यंत तेवीस हस्तलिखितं वाचायला दिली होती. तेवीसपैकी बावीस परत आली ती जड होऊन. पाचशेचं पाचशे दहा. आठशेचं आठशे सोळा. चारशेचं चारशे आठ. एकाही वाचकानं काही नेलं नव्हतं. उलट प्रत्येकानं जाताना पुस्तकात थोडी भर घातली होती. फक्त तिची एकटीची वही हलकी झालेली.

"जास्त भरलं तर कुणी पाहत नाही," मावशी म्हणाल्या. "यांना फक्त तूट दिसते. मुनिमाची जात."

कारण साधं होतं, आणि ते एकाही प्राध्यापकाच्या डोक्यात आलं नसतं. कागद पाणी पितो. दहा दिवस पाऊस लागला की कपाटातल्या कपाटात पुस्तक फुगतं, शंभराला दोन ग्रॅम धरून चाला. मग देतानाचं वजन कोरड्या दिवसांतलं कसं? तर काटेवाले देताना तोलतच नव्हते. मागच्या वाचकानं परत केलं तेव्हाचा आकडा जुन्या चिठ्ठीवरून उतरवायचे. पुस्तक कपाटात होतं, कपाटात त्याचं वजन कोण खाणार?

मावशींनी काटेवाल्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. ते आले, चिठ्ठ्या पाहिल्या आणि खुर्चीत बसायचं सोडून पोत्यावर बसले. पाहुणीला वाटलं होतं ते भांडतील. ते म्हणाले, अकरा वर्षं असंच करतोय. सकाळी दहा वाचक एकदम येतात, काट्याला स्थिर व्हायला वेळ लागतो, माणसं बोटं वाजवतात. घेताना तोलतो, कारण तिथं ओळखपत्र परत द्यायचं असतं.

"तुमच्या आळसापायी पोरगी कोंडली," मावशी म्हणाल्या.

काटेवाल्यांनी मान खाली घातली. "शुक्रवारी सांगतो मी. माझी नोकरी जाईल ती जाईल." हे म्हणताना त्यांचा आवाज इतका बारीक होता, की ते सांगतील याची खात्री पाहुणीला वाटली नाही.

ते गेल्यावर तिनं पेन्सिल घेतली. वाटवहीचा मागचा वाचक माघातला, कोरड्या थंडीतला. तेव्हा वही सहाशे चाळीस भरली, पानांसकट. आजच्या हवेत ती पानांसकट किती भरायला हवी होती? सहाशे त्रेपन्न. भरली सहाशे अठरा.

म्हणजे तूट बावीस ग्रॅमची नव्हतीच. पस्तीस ग्रॅमची होती. आणि ती तिच्या हातात पडली नव्हती. माघापासून या मंगळवारपर्यंत वही कपाटात होती, आणि पानं कपाटातूनच गेली.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असते?" मावशींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. पाहुणीलाही ठाऊक होतं. तिच्या तोंडात अजून सकाळच्या चहाची चव होती.

५

गुरुवारी सकाळी सर आले. अंगणात, व्हरांड्याच्या खांबाआड, कुणी ऐकणार नाही असं पाहून. त्यांनी तिला समजूतदारपणे सांगितलं की त्यांना शिक्षेत रस नाही. नकाशा हवा आहे. मूळ वाट कुठून जात होती ते त्या सहा पानांतच आहे. शनिवारी पाहुणे येणार, आणि आता आखलेली वाट अर्धीमुर्धी अंदाजानं आखलेली आहे. पानं आज दिलीस तर समितीला मी सांगतो की वहीतच चिकटून राहिली होती. नाही दिलीस तर तुझ्या दोन वर्षांच्या कामावर माझी सही नाही.

"नसलेलं कुठून देऊ, सर?"

"स्वतःच्या नावानं छापायचा विचार असेल," सर म्हणाले. "तुमच्यासारख्यांना घाई असते."

तुमच्यासारख्यांना. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. हा माणूस चोर नाही. ज्याच्याकडं पानं असती तो अशी भीक मागत आला नसता. आणि त्यानं पानं काढली असती तर ती सरळ घरी नेली असती. तिनं तसंच मावशींना जाऊन सांगितलं.

"मग बाहेर नेली नसतील तर?" मावशी म्हणाल्या. "हे बघ. नकोसा कागद माणूस जाळतो. हवासा कागद घरी नेतो. पण जिनं आयुष्यभर कागद जपले तिला जाळवत नाही, आणि ग्रंथालयाचं पान घरी न्यायला तिचा हात धजत नाही. ती काय करेल?"

पाहुणी पोत्याकडं पाहत राहिली. मग खाली बसून तिनं कालच्या चिठ्ठ्या पुन्हा पसरल्या. बावीस पुस्तकं जड झाली, शंभराला दोनच्या हिशेबानं. बावीसही? तिनं काल नुसतं 'जड' एवढंच पाहिलं होतं. आता एकेक भागाकार करत गेली. दहा, सोळा, आठ, बारा. बरोबर, बरोबर, बरोबर. आणि मग एका चिठ्ठीवर पेन्सिल अडली.

'गटारांच्या दुरुस्तीचा अहवाल.' शंभर वर्षांचा जुना, हाती लिहिलेला. कुणी वाचू नये अशाच नावाचा. सोमवारी नगरपालिकेच्या इंजिनिअरनं मागवला होता, कारण पितळी बाण बसवताना एक गटार फुटलं होतं. देताना तीनशे. परत घेताना तीनशे एक्केचाळीस.

तीनशेला सहा चढायला हवे होते. चढले एक्केचाळीस. वरचे पस्तीस.

तिनं ती चिठ्ठी मावशींपुढं ठेवली.

मावशींनी दुरुस्तीचा कोरा फॉर्म ओढला आणि वाकड्या अक्षरात लिहिलं: गटारांचा अहवाल, पाठ सैल, ताबडतोब पाठवणे. "आता बघू," त्या म्हणाल्या, "घेऊन कोण येतं."

६

साधारणपणे पुस्तक घेऊन शिपाई यायचा. त्या दिवशी ग्रंथपालताई स्वतः आल्या. अहवाल छातीशी धरलेला. आत आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, पाहुणीला पाहिलं, आणि अहवाल टेबलावर न ठेवता तसाच धरून बसल्या.

"याची पाठ सैल नाही, मावशी," त्या म्हणाल्या.

"नाहीच. तू शिवलेली आहे. मी शिकवलेली." मावशींनी हात पुढं केला. ताईंनी थोड्या वेळानं पुस्तक दिलं. मावशींनी ते शेवटाकडं उघडलं. दुमडलेल्या पानांचा जो गठ्ठा एकत्र शिवतात त्याला बांधणीत जुज म्हणतात. शेवटच्या जुजात तीन दुमडी पानं वेगळ्या रंगाची होती, दुधट, हातकागदाची. सहा पानं. आणि दोऱ्याची गाठ पाठीला नव्हती, आतल्या बाजूला, जुजाच्या पोटात होती. अशी गाठ मारणाऱ्या बाया जगात दोनच होत्या, आणि दोघी त्या खोलीत बसल्या होत्या.

पाहुणीला वाटलं होतं आपण ओरडू. ती एवढंच म्हणाली, "चहा कशाला दिलात, ताई?"

मग ताई बोलल्या. रडल्या नाहीत. भिंतीच्या मागं दोरवाल्यांचा बोळ आहे, त्या म्हणाल्या. बाप दोर वळायचा, त्याचा बाप वळायचा. सतरा घरं. नकाशात मूळ वाट त्या बोळातून जाते; चित्र आहे, ते कळायला लिपी लागत नाही. वारसावाट जाहीर झाली त्या आठवड्यात पानं काढली. ज्या तीन गल्ल्यांत बाण बसले तिथं बघा. बाणामागून रंगारी आला, रंगाऱ्यामागून घरमालक, आणि बघता बघता जुनं माणूस औषधाला राहिलं नाही. सगळीकडं लॉज. आमच्या घरांचे कागद कुणाकडंच नाहीत. उठा म्हणाले की उठायचं.

"आणि मी?" पाहुणीनं विचारलं.

"नियम मीच केलाय, दोन्ही वेळा तोलायचा. मला वाटलं, देताना तोलतील तेव्हा सहाशे अठरा भरेल, घेतानाही तेवढंच. वाचकाला धक्का लागायचा नाही. काटेवाले देताना तोलत नाहीत हे मला मंगळवारी कळलं, तू काट्यापुढं उभी होतीस तेव्हा."

"तेव्हा का नाही बोललात?"

"बोलणार होते. मग बुधवार उजाडला." ताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवायला नेला आणि मधूनच मागं घेतला. "एकदा गप्प बसलं की दुसऱ्या दिवशी गप्प बसायला सोपं जातं."

मावशी तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. पाहुणीनं पुस्तक स्वतःकडं ओढलं. तिला नकाशा पाहायचा नव्हता, तिला फक्त कुठंतरी डोळे लावायचे होते. नकाशाच्या पाठीवर मजकूर होता, मोजणीदाराच्या धावत्या हातातला. मुंग्यांची रांग. ती सवयीनं वाचू लागली, आणि दुसऱ्या ओळीशी थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही काय लपवलंत ते तुम्हाला माहीत आहे का?"

तिनं मोठ्यानं वाचलं. विद्यापीठाची भिंत उचलली तेव्हा ज्यांनी दोर वळून दगड चढवले त्या सतरा घरांना भिंतीलगतची जागा देण्यात आली आहे. घर ज्याचं त्याचं, पिढीजात. विद्यापीठानं अथवा नगरानं ही घरं उठवू नयेत. ठराव मूळ कागदावरून जसाच्या तसा उतरवला. त्याखाली सतरा घरांची यादी.

ताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. आपल्या लोकांना वाचवायला त्यांनी बरोबर तोच कागद गटारात घातला होता ज्यानं ते वाचले असते.

७

शुक्रवारी अकराला समिती बसली. लांब टेबल, पाच खुर्च्या, मधे अध्यक्ष, उजवीकडं सर. पाहुणीला स्टूल. तिचं ओळखपत्र अध्यक्षांपुढं फायलीवर ठेवलेलं होतं.

मावशींना कुणी बोलावलं नव्हतं. त्या पोतं घेऊन आत शिरल्या आणि कुणी हटकायच्या आत टेबलावर रिकामं केलं. अध्यक्ष म्हणाले, बाई, हे काय. मावशी म्हणाल्या, हे तुमचंच, मी फक्त वाचलंय. मग त्यांनी एकेक चिठ्ठी पुढं सरकवत पाण्याचा आणि कागदाचा हिशेब सांगितला. दोन सदस्यांना तो लगेच कळला. तिसऱ्याला कळल्यासारखं दाखवावं लागलं. काटेवाले दाराशी उभे होते. त्यांना विचारल्यावर ते दोनदा खाकरले आणि म्हणाले, हो, देताना तोलत नाही. अकरा वर्षं. पाहुणीला ते सांगतील असं वाटलं नव्हतं. माणसाबद्दल चूक व्हावी तर अशी.

मग मावशींनी गटारांचा अहवाल उघडून ठेवला. सर अर्धे उभे राहिले.

"कपाट कुणी उघडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

पाहुणीनं ताईंकडं पाहिलं नाही. तिनं रात्रीच ठरवलं होतं, की ताई बोलल्या नाहीत तर ती बोलणार. कुणाच्याही बोळासाठी ती चोर व्हायला तयार नव्हती, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

"किल्ली माझ्याकडं असते," ग्रंथपालताई म्हणाल्या. "पानं मी काढली. हिचा काही संबंध नाही."

पुढचं पटापट झालं, जसं अशा खोल्यांतून होतं. ताईंना निलंबनाचा कागद. काटेवाल्यांना ताकीद. पाहुणीबद्दल कुणी माफी मागितली नाही. अध्यक्षांनी ओळखपत्र फायलीवरून उचलून टेबलाच्या तिच्या बाजूला सरकवलं, झालं. सर तर नकाशावर ओणवे झाले होते. ते आत्ताच म्हणत होते, उद्याचं उद्घाटन पुढं ढकलू, बाण बोळातून नेऊ, कारागीर सोमवारी मिळतील. तिच्याकडं वळून ते मोकळेपणानं हसले, जणू मधे काही घडलंच नव्हतं. फलकावरचा मजकूर तूच लिही, ते म्हणाले.

इतिवृत्त लिहिणारा कारकून विचारत होता, काय नोंदवू. अध्यक्ष म्हणाले, नकाशा सापडला, एवढं लिहा.

"पाठीमागचा मजकूरही लिहा," पाहुणी म्हणाली.

सर म्हणाले, त्याची गरज नाही, किरकोळ असेल. काय असेल ते त्यांना वाचता येत नव्हतं. ते तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्या क्षणी सरांना कळलं.

"मी चोर आहे का, हे ठरवायला तुम्ही वजन केलंत," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी एक ओळ वाचली नाही. आता वाचते, ऐका."

"बाहेर जाऊ शकतेस तू," सर हळूच म्हणाले. "कार्ड घे आणि जा."

दार उघडं होतं. पलीकडं अंगण, अंगणापलीकडं फाटक, फाटकापलीकडं दोन पावलांवर पितळी बाण. तीन दिवस तिनं त्या दोन पावलांसाठी गज धरले होते. कार्ड हाताच्या अंतरावर पडलेलं होतं. ते तसंच राहू देऊन तिनं अहवाल स्वतःकडं ओढला.

हा मजकूर कोर्टात टिकेल की नाही तिला माहीत नव्हतं. ही नक्कल होती, मूळ कागद कुठं आहे कुणास ठाऊक. पण इतिवृत्तात आलेलं विद्यापीठाला पुसता येत नाही. तोही इथला रिवाजच. ती ठराव वाचू लागली. कारकुनानं अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्षांनी दाराशी उभ्या मावशींकडं, काटेवाल्यांकडं, बाहेर जमलेल्या शिपायांकडं पाहिलं, आणि मान हलवली. कारकून लिहू लागला.

"घर पहिलं," ती वाचत होती. "थोरला दोरवाला, त्याची आई, दोन भाऊ. घर दुसरं, विधवा, तीन लेकी. घर तिसरं..."

चौथ्या घराशी ग्रंथपालताईंनी तोंडावर पदर धरला. ते त्यांचं होतं.

सर घड्याळ पाहत होते. सतरा घरं होती. तिनं सतराही वाचली, सावकाश, कारकुनाचा हात मागं पडू नये अशा बेतानं. मगच कार्ड उचललं.